निरोप्या उपग्रह

चंद्रावर गेलेल्या माणसाशी बोलणे सोपे आणि आपल्या माथ्यावरून जाणाऱ्या माणसाशी बोलणे अवघड, असा विलक्षण प्रकार अवकाशयुगाच्या पहिल्या दोन दशकांत होता, हे बहुतेकांना एकदम खरे वाटणार नाही. चंद्र पावणेचार लाखांहून अधिक किलोमीटरांवर असला, तरी तो सावकाश उगवतो आणि सावकाश मावळतो. कॅलिफोर्निया, स्पेन आणि ऑस्ट्रेलिया या तीन ठिकाणी मोठ्या तबकड्या उभारल्या, की तो आपला सदैव कोणा एकीच्या नजरेत राहतो. याउलट, चारशे किलोमीटर उंचीवरचे यान ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटरांच्या वेगाने धावत दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करते, आणि एखाद्या भूकेंद्रावरून पाहिले तर एका क्षितिजावर वर येऊन दुसऱ्या क्षितिजाखाली जाईपर्यंत फार तर दहा मिनिटे लागतात. दहा मिनिटांत जे बोलायचे ते बोलून घ्यावे आणि पुढच्या चौकीने त्याला गाठेपर्यंत गप्प बसावे, असा तो व्यवहार होता.

त्यासाठी चौक्या तरी किती आणि कोठे कोठे बसवाव्या लागल्या! जॉन ग्लेन १९६२ साली पृथ्वीभोवती फिरून आला, तेव्हा अमेरिकेने बर्म्युडा, कॅनरी बेटे, नायजेरियातील कानो, झांजिबार, ऑस्ट्रेलिया, हवाई आणि मेक्सिको अशी केंद्रांची माळ पृथ्वीभर ओवली होती, आणि जेथे जमीनच नव्हती तेथे अटलांटिक व हिंदी महासागरांत जहाजे उभी केली होती. परमुलखात ठाणे बसवायचे, म्हणजे तेथील दरबाराची मर्जी सांभाळणे आले. १९६४ साली झांजिबारमध्ये क्रांती झाली आणि तेथील केंद्र गुंडाळावे लागले. ते मादागास्करला नेले, तर १९७५ साली तेथील नव्या सरकारनेही ते बंद करविले. एवढा खर्च, एवढ्या मसलती आणि एवढी माणसे खर्ची घालूनही खालच्या कक्षेतील यान त्याच्या प्रदक्षिणेच्या सुमारे पंधरा टक्के काळच संपर्कात असे.

उरलेल्या पंच्याऐंशी टक्क्यांत काय घडू शकते, याचा प्रत्यय १६ मार्च १९६६ रोजी आला. नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी 'जेमिनी ८' हे आपले यान आधी सोडलेल्या 'अजेना' रॉकेटाला अंतराळात जोडले. दोन याने अंतराळात जोडण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत, कोणत्याही केंद्राच्या टापूत नसताना, ती जोडी आपल्याच भोवती गरगरू लागली. दोष अजेनाचा असावा असे समजून दोघांनी यान सोडवून घेतले, तर गरगर कमी होण्याऐवजी वाढली. कारण खरा दोष त्यांच्याच यानाच्या एका छोट्या झोतयंत्रात होता आणि ते बंद होतच नव्हते. 'कोस्टल सेंट्री क्वेबेक' हे जहाज टापूत आले, तेव्हा यान सुटलेले होते आणि परिस्थिती गंभीर असल्याचे दोघे सांगत होते. गरगर सेकंदाला एक फेरा इतकी वाढली; शुद्ध हरपण्याची वेळ आली. तेव्हा आर्मस्ट्राँगने परतीसाठी राखून ठेवलेली झोतयंत्रे वापरून यान आवरले, मोहीम तेथेच संपविली आणि दोघे पश्चिम पॅसिफिकमध्ये उतरले. खालच्या तज्ज्ञांच्या पदरी आरंभीच्या त्या घटिकांविषयी कर्तव्य म्हणून काहीच उरले नव्हते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता यावर उपाय म्हणजे केंद्रे वाढवीत जाणे नव्हे, तर पाहण्याची दिशाच उलटी करणे, हे उमजण्यास फार मोठी प्रतिभा लागत नव्हती, असे आज वाटते. १९४५ सालच्या ऑक्टोबरात आर्थर क्लार्क यांनी 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात दाखवून दिले होते, की विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर ठेवलेली वस्तू पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे खालून स्थिर दिसेल, आणि अशा तीन वस्तू साऱ्या जगाचे दळणवळण सांभाळतील. त्यांच्या मनात होती ती माणसे राहतील अशी स्थानके, आणि निरोप जायचे ते पृथ्वीवरून पृथ्वीवरच. पण त्याच उंचीवरून खाली पाहिले, तर पृथ्वीलगत फिरणारे यान आपल्या मार्गाच्या निम्म्याहून अधिक भागात दिसत राहते. जवळच्या यानाशी अखंड बोलायचे, तर निरोप आधी नव्वदपट दूर पाठवायचा आणि तेथून परत आणायचा! या येरझाऱ्यात एका बाजूचा शब्द पोचण्यास पाव सेकंद लागतो, आणि तेवढी दिरंगाई कोणीही आनंदाने सोसेल. हा निरोप्या खलिता उघडून वाचीतही नाही; आलेला संकेत वाढवून, त्याची कंप्रता बदलून, तो तसाच पुढे रवाना करतो.

अमेरिकेने या कामासाठी बांधलेला पहिला उपग्रह ४ एप्रिल १९८३ रोजी 'चॅलेंजर' शटलाच्या पोटातून गेला. शटल त्याला खालच्या कक्षेत सोडणार आणि दोन टप्प्यांचे एक रॉकेट त्याला पुढे वर नेणार, असा बेत होता. दुसरा टप्पा मध्येच बिघडला आणि उपग्रह भलत्याच लंबवर्तुळात अडकला. त्याच्या अंगावर जी झोतयंत्रे होती, ती केवळ त्याला जागेवर सरळ ठेवण्यासाठी. एकेकाचा रेटा अर्धा किलो वजनाइतकाही नव्हता. अभियंत्यांनी गणित मांडले आणि ही चिमुकली यंत्रे एकंदर ३९ वेळा पेटवून, दोन टनांहून जड असा तो ऐवज इंचाइंचाने वर चढविला. अखेर २९ जूनला तो ठरल्या उंचीवर दाखल झाला. शटलाच्या थाटामाटाच्या उड्डाणांपेक्षा हे बिनगाजावाजाचे कारकुनी धैर्य मला अधिक मोलाचे वाटते. त्याचा जोडीदार मात्र २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजरबरोबर आणि सात माणसांबरोबर नष्ट झाला, आणि त्याची जागा भरून निघण्यास सप्टेंबर १९८८ उजाडला.

या पहिल्या उपग्रहाचा एक दुवा आपल्याशीही जुळतो. ३० ऑगस्ट १९८३ च्या रात्री उडालेल्या ज्या शटलाने त्याच्याद्वारे प्रथम संदेश पाठविले, त्याच शटलात आपला 'इन्सॅट १-ब' होता, ज्याच्या आधारे दूरदर्शन पुढे देशभर पसरले.

दुसरा दुवा भूमितीचा आहे आणि तो अधिक गमतीचा आहे. अमेरिकेला आपले दोन्ही उपग्रह न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या एकाच केंद्रावरून दिसायला हवे होते. परक्यांच्या दारी पुन्हा जाण्याची तिची तयारी नव्हती. म्हणून एक अटलांटिकवर आणि एक पॅसिफिकवर असे ते बसविले. परिणाम असा, की पृथ्वीच्या नेमक्या मागच्या बाजूस, खालच्या कक्षेतील यानांसाठी, एक आंधळा पट्टा उरला. व्हाइट सँड्सच्या समोरचे रेखावृत्त आपण शोधू लागलो, तर ते लोणावळ्याजवळून जाते! आपल्या डोक्यावरून आणि पुढे हिंदी महासागरावरून जाताना यान तेवढे मुके होई. पुढे 'कॉम्प्टन' या गॅमा किरणांच्या वेधशाळेवरील फीतमुद्रक बिघडले आणि जमविलेली निरीक्षणे साठवून ठेवणे अशक्य झाले, तेव्हा वय झालेला तो पहिलाच उपग्रह हिंदी महासागरावर सरकविण्यात आला आणि ऑस्ट्रेलियात त्याचे केंद्र उघडले गेले. नंतर ग्वाम बेटावर कायमची व्यवस्था झाली. खुद्द तो उपग्रह मात्र विषुववृत्तापासून कलत गेल्यामुळे दक्षिण ध्रुवावरून दिसू लागला, आणि १९९९ साली तेथील वैद्य स्वतः कर्करोगाने आजारी पडली, तेव्हा अमेरिकेतील तज्ज्ञांशी तिची सल्लामसलत त्याच्या मार्फत चालली. तो बंद केला २०१० साली.

अखंड संपर्काचे गोडवे गाताना एक गोष्ट नजरेआड करू नये. दूरच्या सुभ्यातील अंमलदारास हुजुरातून घटकेघटकेला हुकूम येऊ लागले, म्हणजे त्याची अक्कल चालविण्याची सवय मोडते. आज अंतराळस्थानकावरील माणसाचा दिवस मिनिटामिनिटाने खालून मुक्रर होतो. आर्मस्ट्राँगला त्या दिवशी कोणी विचारणारे नव्हते, म्हणून त्याने जे केले ते केले. तरीही मला निवड करायची तर मी संपर्काच्याच बाजूने कौल देईन. आपला माणूस संकटात आहे हे वेळेवर कळणेही थोडके नव्हे.

रशियाने १९८५ पासून, जपानने २००२ पासून आणि चीनने २००८ पासून आपापले निरोप्ये वर पाठविले. राकेश शर्मा १९८४ साली रशियन यानातून अंतराळात गेले, तेव्हा रशियाजवळही ही सोय नव्हती. त्यांचे बोलणे जमिनीवरील केंद्रे आणि जहाजे यांच्या भरवशावर चालले. आता 'गगनयान' माणसे घेऊन चारशे किलोमीटरांवर जावयाचे आहे, आणि त्यासाठी इस्रोने स्वतःच्या दोन निरोप्या उपग्रहांची योजना आखली आहे. बंगळूर, लखनौ, पोर्ट ब्लेअर, मॉरिशस, ब्रुनेई ही आपली केंद्रे आहेत. पण तेवढ्याने प्रदक्षिणा भरत नाही, हे वर आलेच. दोन्ही उपग्रह बंगळुरावरूनच दिसावेत असा आग्रह आपण धरला, तर आपला आंधळा पट्टा बरोबर पलीकडे, अमेरिकेच्या मध्यभागावर पडेल. तो भरून काढण्यास तिसरा उपग्रह तरी लागेल किंवा परमुलखात एखादे केंद्र तरी, आणि त्याची तजवीज माणसे वर जाण्यापूर्वी झालेली बरी.