भरतकामाचे यंत्र गाळ्यात आणताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. व्याख्यान देण्याचा मला सराव नाही. परंतु आपल्या मंडळातील सहाजणींनी मिळून भरतकामाचा गाळा काढला, तेव्हा ते अवजड यंत्र बोळातून आत कसे आणले, हे सर्वांना सांगावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. यंत्र चालवावयाचे कसे ते शिकवणारे पुष्कळ भेटतात. ते दारातून आत न्यावे कसे, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून चार शब्द बोलते.

यंत्रावरचे भरतकाम ही काही आजची नवलाई नव्हे. स्वित्झर्लंड देशात इझाक ग्रोब्ली नावाच्या गृहस्थाने १८६३ साली 'शिफ्ली' नावाचे यंत्र काढले. शिफ्ली म्हणजे छोटी होडी. त्यातल्या धोट्याचा आकार होडीसारखा, म्हणून ते नाव. धोटा म्हटला की आपल्या सोलापूरकरांना वेगळे सांगावयास नको! आताची यंत्रे संगणकावर चालतात. नक्षी एकदा भरून दिली की सगळी डोकी एकदमच तीच नक्षी काढतात. आपल्या गावी शाळांचे गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे, आणि गणवेशाच्या खिशावर शाळेचे चिन्ह लागतेच. तेव्हा काम मिळेल अशी आम्हांस खात्री होती.

आम्ही सुरतेहून चार डोक्यांचे, एकेका डोक्यात नऊ सुया असलेले जुने यंत्र ठरवले. बचतगटाच्या नावावर बँकेचे कर्ज काढले. दोघींनी पाटल्या गहाण ठेवल्या. यंत्र सव्वानऊ फूट लांब, पाच फूट रुंद आणि वजनाने आठशे किलो. आमचा गाळा दहा फूट रुंद, तोही बोळाच्या शेवटास. फाल्गुन चालू होता, आणि जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी माल द्यावयाचा होता. यंत्र वाटेत मोडले असते तर पाटल्या सुटल्या नसत्या, हे आम्ही सहाहीजणी जाणून होतो.

म्हणून पहिले काम केले ते मापाचे. गाळ्याच्या जमिनीवर यंत्राच्या आकाराची वर्तमानपत्रे पसरली आणि चारी बाजूंनी माणूस फिरून दुरुस्ती करू शकेल का, ते पाहिले. नंतर बांबू बांधून यंत्राच्या लांबीरुंदीउंचीचा सांगाडा केला. तो दोन मुलांच्या हाती देऊन हमरस्त्यापासून गाळ्यापर्यंत आणावयास लावला. लोक हसले, पण सांगाडा वळणावरच समोरच्या आजींच्या ओट्याला अडला. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, असे व्हावयाचे! आम्ही लगेच सुरतेस फोन करून यंत्राच्या मेजाच्या फळ्या आणि संगणकाची पेटी तिथेच सुटी करून वेगळी बांधावयास सांगितली. रुंदी साडेतीन फुटांवर आली. तेवढा सांगाडा पुन्हा फिरवला, तो सुखाने वळला.

दुसरी गोष्ट गटाराची. बोळात गटारावर शहाबादी फरशी आहे. आपण तिच्यावरून रोज चालतो, पण आठशे किलोला ती टिकणार नाही. आम्ही लाकडाच्या जाड वखारीतून सागवानी नव्हे, साध्या दणकट फळ्या भाड्याने आणल्या आणि गटाराच्या दोन्ही काठांवर टेकतील अशा आडव्या टाकल्या. गाळ्यातही हाच हिशोब. यंत्राला चार पाय, म्हणजे एकेका पायावर दोनशे किलो. लादी फुटू नये म्हणून प्रत्येक पायाखाली ठेवावयास लोखंडी पत्रा कापून आणला.

यंत्र आले त्या दिवशीची हकिकत सांगते. टेंपोबरोबरच्या माणसांनी ते हमरस्त्यावर उतरवले आणि पावतीवर सही मागितली. मी आधी चारी बाजूंनी फोटो काढावयास लावले आणि "उघडून पाहणे बाकी" असे पावतीवर लिहून मगच सही केली. तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाने यंत्राच्या डोक्यांना दोर बांधून ओढावयाची तयारी केली. मी म्हटले, "भाऊ, दोर सोडा. सुयांची दांडी वाकली तर यंत्र भंगारात जाईल." तो म्हणाला, "मावशी, हे बायकांचे काम नव्हे, तुम्ही बाजूला व्हा." मी बाजूला झाले नाही. दोर सुटेपर्यंत तिथेच उभी राहिले.

पुढचे काम आम्ही आधीच ठरवलेल्या हमालांच्या मुकादमांवर सोपवले. मुकादममामांनी प्रथम दोर खालच्या लोखंडी चौकटीला बांधला. यंत्राखाली लोखंडी नळ्या घातल्या. मागची नळी मोकळी झाली की पुढे आणून घालावयाची. हुकूम एकाच्याच तोंडचा, बाकीच्यांनी बोलावयाचे नाही. नळी उचलणाऱ्याने बोटे कधी खाली घालावयाची नाहीत. गाळ्याचे जोते दीड फूट उंच. तिथे मामांनी यंत्र उचलले नाही. जॅकने एक बाजू वर करावयाची, खाली दोन इंची फळी सरकवावयाची, मग दुसरी बाजू. असे नऊ थर झाले तेव्हा यंत्र जोत्याच्या पातळीला आले आणि नळ्यांवरून आत सरकले. साठ पावलांच्या वाटेला अडीच तास लागले. पण ना कोणाच्या पायाला इजा, ना यंत्राला ओरखडा.

भगिनींनो, आपण मजुरीत चार पैसे वाचवावयास बघतो. परंतु ही माणसे आपले अंग जड वस्तूखाली घालतात. अशांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, तो उगीच नव्हे. घासाघीस करावयाची तर ती यंत्राच्या किमतीत करावी, हमालाच्या मजुरीत करू नये.

यंत्र आत आले म्हणजे लगेच कळ दाबावयाची नाही. पाणसळ ठेवून पातळी पाहावी. यंत्र कलते राहिले तर ते हादरते, आणि टाकाही नीट पडत नाही. वायरमनकडून अर्थिंग व विजेचा दाब तपासून घ्यावा. प्रवासासाठी बांधलेले भाग सोडवून मगच यंत्र सुरू करावे. आम्ही तसेच केले. चौथ्या दिवशी पहिले चिन्ह निघाले, आणि शाळा उघडण्याच्या आत सगळा माल पोचता झाला. पाटल्यांपैकी एकीच्या सुटल्या आहेत, दुसरीच्याही लवकरच सुटतील.

मला एवढेच सांगावयाचे आहे. कपाट जिन्यातून वर कसे न्यावे, पाटावरवंटा कुठे बसवावा, लहान घरात दहा माणसे कशी निजवावी, हे आपण जन्मभर करीत आलो. तीच मापाची नजर व्यापारातही उपयोगी पडते. कोणी "बाजूला व्हा" म्हटले तरी आपल्या वस्तूजवळून हलू नये; आणि ज्याला काम कळते त्याचे मात्र मुकाट्याने ऐकावे.