हिशेब कुठेही उघडावा म्हणून

आमच्या बचत गटाचा हिशेब तीन ठिकाणी फिरतो. सचिवताईंकडे विंडोज, शाळेत लिनक्स, बँकेत आणखी वेगळंच. कर्जाचा अर्ज द्यायच्या दिवशी नावांच्या जागी गिचमीड उमटली, की कर्ज लांबलंच! म्हणून आम्ही लिब्रे ऑफिस घेतलं. २०१० पासूनचं, फुकट. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मराठी मात्र युनिकोडमध्येच टाइप करायचं. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं भलतंच इंग्रजी अक्षर. तो फॉन्ट नसलेल्या संगणकाला ते कसं कळणार? बँकेसाठी प्रत पीडीएफ करा, तिच्यात फॉन्टही सोबत जातो. मूळ फाइल पेनड्राइव्हवर जपा. पुढच्या महिन्याच्या नोंदी तिच्यातच करायच्यात.