धुऱ्यावरची तार

धान निसवला की दिघोरी परिसरात रानडुकरांपायी रात्रीची जागल सुरू होते. पीक वाचवायलाच हवं. पण म्हणून धुऱ्यावर घरातल्या विजेची तार? तिच्यातली 230 व्होल्टची अखंड वीज स्नायू आखडून जीव घेते. मग तो डुकराचा असो की बांधीतलं पाणी पाहायला आलेल्या शेजाऱ्याचा. एप्रिल 2017 मध्ये नागभीडकडे ‘जय’ या वाघाचा बछडा श्रीनिवास अशाच तारेनं मेला. याउलट सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. जनावर दचकून पळतं, मरत नाही. अशा कुंपणासाठी जंगलालगतच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. नुकसान झालंच, तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा. तार मात्र आजच काढा.