फुटबॉलमधील कोंडी आणि प्रेक्षकांचा न्याय
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्र मंडळाच्या व्यासपीठावरून फुटबॉलविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु ज्या कोलकाता नगरीत आपले संसार उभे राहिले, तेथे या खेळापासून अलिप्त राहणे कोणाही कुटुंबाला शक्य झालेले नाही. मोहन बागान जिंकले की बाजारात कोळंबीला भाव येतो आणि ईस्ट बेंगॉल जिंकले की हिलशाला, हे येथे आलेल्या मराठी गृहिणीला पहिल्या वर्षातच कळते. आपल्यापैकी जी मंडळी मूळची कोल्हापूरची आहेत, त्यांना तर हे वातावरण मुळीच परके नाही. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमवर पेठापेठांतून जो समुदाय लोटतो, त्याचा आवेश साल्ट लेकच्या प्रेक्षकांहून तसूभरही उणा नसतो.

आजचा आमचा विषय मात्र त्या आवेशाचा नाही, तर त्या आवेशातून दिल्या जाणाऱ्या न्यायाचा आहे. हल्ली फुटबॉलच्या चर्चेत ‘प्रेसिंग’ हा शब्द सतत कानी पडतो. प्रतिस्पर्ध्याजवळ चेंडू असताना मागे सरून वाट न पाहता, पुढे होऊन त्याला विचार करावयास उसंत न देणे आणि चेंडू परत मिळवणे, असा त्याचा अर्थ. आम्ही त्यास ‘कोंडी’ म्हणू इच्छितो. प्रेक्षकाला या कोंडीत दिसते ते धावणे. आणि जो धावला तो इमानी, जो धावला नाही तो आळशी, असा निकाल तो देऊन मोकळा होतो. आमच्या मते हा निकाल पुष्कळदा खेळाडूवर अन्याय करणारा असतो.

कोंडी म्हणजे काय, हे समजण्यासाठी मराठी माणसाला फार दूर जावयास नको. कबड्डीतील साखळी आठवावी. चढाई करणारा अंगावर आला असता एखादा उतावळा गडी एकटाच झेप घेतो आणि बाद होतो. कसलेला गडी मात्र किंचित मागे सरतो, चढाई करणाऱ्याला आत येऊ देतो आणि साखळीची दुसरी बाजू त्याच्या परतीच्या वाटेवर मिटू लागते. पकड एकाच्या नावावर लिहिली जाते. ती घडवलेली असते सर्वांनी. दुसरा दाखला जुन्या काळच्या शिकारीतील हाक्याचा. रान उठवणारे हाकारे एकीकडे असतात आणि जनावर निघते ते दुसरीकडे, जेथे कोणी श्वास रोखून स्तब्ध बसलेला असतो. धावणारा आणि टिपणारा हे बहुधा निराळेच असतात.

फुटबॉलमध्येही हेच घडते. चेंडूजवळच्या प्रतिस्पर्ध्यावर एक जण धावून जातो. त्याचे काम चेंडू मिळवणे हेच असते असे नाही. धावण्याची दिशा अशी राखावयाची, की प्रतिस्पर्ध्याला मैदानाच्या कडेकडे वळावे लागेल. कडेची रेषा हा तर बाराव्या गड्यासारखा रक्षक. तिच्यापलीकडे पास देता येत नाही. त्याच वेळी इतरांनी जवळच्या पासांच्या वाटा अडवलेल्या असतात आणि बचावाची फळी पुढे सरकून, ऑफसाइडच्या नियमाच्या आधाराने, मैदानच आखूड करून टाकते. यांतील एक जण जरी चुकीच्या ठिकाणी राहिला, तरी पहिल्याची धाव व्यर्थ जाते. म्हणजे कोंडी धावण्याने सुरू होत असली, तरी ती टिकते योग्य जागी उभे राहण्याने.

2022 च्या विश्वचषक स्पर्धेतील एक गोल पाहा. 3 डिसेंबर रोजी अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना होता. चेंडू ऑस्ट्रेलियाचा गोलरक्षक मॅट रायन याच्याकडे मागे आला. दे पॉल त्याच्यावर धावून गेला. रायनने त्याला चुकवण्याचा प्रयत्न केला आणि त्याच क्षणी शेजारी टपलेल्या हुलियान आल्व्हारेझने चेंडू उचलून गोल केला. धावफलकावर नाव आल्व्हारेझचे लागले. दे पॉलची धाव ही हाकाऱ्याची धाव होती.

या पद्धतीचा इतिहास पाहिला, तर प्रेक्षकांचा आणि टीकाकारांचा गैरसमज तिच्या जन्माइतकाच जुना असल्याचे दिसते. तिच्या आद्य प्रवर्तकांत कीव्हच्या डायनॅमो संघाचे प्रशिक्षक व्हिक्टर मास्लोव्ह यांची गणना होते. त्यांच्या हाताखाली या संघाने 1966, 1967 आणि 1968 अशी लागोपाठ तीन वर्षे सोव्हिएत अजिंक्यपद मिळवले. तथापि एका सोव्हिएत वृत्तपत्राने, एकाच प्रतिस्पर्ध्यावर डायनॅमोचे चार खेळाडू तुटून पडत असल्याचे छायाचित्र छापून, असला खेळ आम्हांला नको अशा आशयाची ओळ त्याखाली घातल्याचे फुटबॉलच्या इतिहासकारांनी नमूद केले आहे. एकट्याला चौघांनी गाठावे, हे पाहणाऱ्याला अखिलाडू वाटले. चौघे एका ठिकाणी आले, तेव्हा उरलेल्यांनी किती मोठे रान सांभाळले असेल, हा प्रश्न छायाचित्रात मावणारा नव्हता.

पुढे 1974 साली पश्चिम जर्मनीतील विश्वचषकात रिनुस मिखेल्स यांच्या हॉलंडने हाच प्रकार जगाला दाखवला. 15 जून रोजी हॅनोव्हर येथे उरुग्वेविरुद्ध नारिंगी सदऱ्यांचा घोळकाच्या घोळका चेंडूवर चालून जातानाची चित्रफीत आजही आवडीने पाहिली जाते. यावेळी प्रेक्षकांनी टीका केली नाही. त्यांनी या खेळाला मुक्त वृत्तीचा आविष्कार मानले. वस्तुतः त्या मुक्ततेच्या मुळाशी कडक शिस्त होती. कारण एवढे गडी एकदम पुढे गेल्यावर मागे मोकळे राहिलेले मैदान प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइड ठरवूनच राखावे लागते, आणि त्यासाठी सर्वांचे पाऊल एकाच क्षणी पडावे लागते. अंतिम सामना हॉलंडने 2-1 असा गमावला, तरी स्मरणात राहिला तो त्यांचाच खेळ.

या शास्त्राला सर्वाधिक नेमके रूप दिले ते इटलीच्या आरिगो साक्की यांनी. तरुणपणी पादत्राणांच्या धंद्यात असलेला हा गृहस्थ व्यावसायिक खेळाडू कधीच नव्हता. 1987 साली ते मिलान संघाचे प्रशिक्षक झाले. आघाडी आणि बचाव यांच्या फळ्यांत सुमारे 25 मीटरांहून अधिक अंतर पडू द्यावयाचे नाही, हा त्यांचा आग्रह. सरावात चेंडूच न देता, तो अमुक ठिकाणी आहे असे कल्पून ते सर्वांना जागा बदलावयास लावीत. या तालमीचे फळ 19 एप्रिल 1989 रोजी दिसले. युरोपियन चषकाच्या उपांत्य सामन्यात मिलानने रेआल माद्रिदचा 5-0 असा धुव्वा उडवला. आपल्या विषयाच्या दृष्टीने साक्की यांचे एक विवेचन फार मोलाचे आहे. कोंडीचे तीन प्रकार ते सांगत. पहिल्या प्रकारात चेंडू खरोखर हिसकावावयाचा. दुसऱ्यात प्रतिस्पर्ध्याला केवळ रोखून धरावयाचे. आणि तिसऱ्यात कोंडीचे सोंग आणून त्या अवधीत दम खावयाचा. आता सांगा, गॅलरीतील प्रेक्षकाला हा तिसरा प्रकार कसा ओळखू यावा? ज्या क्षणी तो टाळ्या देतो, त्या क्षणी संघ विश्रांती घेत असेल. आणि ज्या क्षणी तो चिडतो, त्या क्षणी सापळा लागत असेल.

पराभवाचा अर्थ लावताना तर हा दृष्टिदोष अधिकच बळावतो. 8 जुलै 2014 रोजी बेलो होरिझोंते येथे जर्मनीने ब्राझीलचा 7-1 असा पराभव केला. आपल्या शहरात ज्या गल्ल्यांतून पिवळे झेंडे लागले होते, तेथे दुसऱ्या दिवशी सुतक पडल्याची कळा होती. ब्राझीलचे खेळाडू खचले, त्यांच्यात ईर्ष्याच नव्हती, असे जो तो म्हणत होता. परंतु त्याच खेळाडूंनी जायबंदी नेमारचा सदरा हाती धरून राष्ट्रगीत म्हटले होते. भावना उणी नव्हती; ती ओसंडत होती. उणे होते ते अंतराचे भान. बचावातले गडीही आवेशाने पुढे धावत राहिले, फळ्याफळ्यांत खिंडारे पडली आणि कर्णधार थियागो सिल्व्हा त्या दिवशी निलंबित असल्याने सावरणारा उरला नाही. 26 व्या मिनिटाला टोनी क्रूसने फर्नांडिन्योच्या पायातून चेंडू काढून घेतला आणि केदिरासह देवघेव करून चौथा गोल केला. जर्मनीची कोंडी शांत डोक्याची होती, ब्राझीलची नुसती तळमळीची.

याच्या उलट बाजू मेस्सीची. मैदानावर तो बराच वेळ चालत असतो, हे सर्वश्रुत आहे. एकच दृश्य पाहून एक चाहता त्यास कामचुकार म्हणतो, तर दुसरा प्रतिभेचे लक्षण मानतो. खरी गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे. 2022 च्या अर्जेंटिना संघाने दे पॉल, एन्झो फर्नांडेझ, मॅक अॅलिस्टर आणि आल्व्हारेझ यांच्यात मेस्सीच्या वाटची धाव वाटून घेतली होती. हा एका व्यक्तीचा स्वभाव नव्हता. तो एका कुटुंबाने केलेला हिशेब होता. घरात एकाच्या वाट्याचे काम इतर का उचलतात, हे घरच्यांनाच ठाऊक असते.

अलीकडे आकड्यांनी हा वाद मिटेल अशी आशा वाटू लागली होती. चेंडू हिसकावण्याच्या प्रत्येक प्रयत्नामागे प्रतिस्पर्ध्याला किती पास करू दिले, याचे मोजमाप आता प्रसिद्ध होते. आकडा लहान, तेवढी कोंडी तीव्र. परंतु हा आकडा प्रयत्न मोजतो, त्याचे फळ नव्हे. वारंवार झेपावून वारंवार चकणाऱ्या संघाचा आकडाही लहानच येऊ शकतो. खेळाडूने किती किलोमीटर अंतर कापले, या आकड्याचीही गत तीच. ज्याची जागा चुकते, त्याला जास्त धावावे लागते.

कोणी विचारील, प्रेक्षकाने चुकीचा अर्थ लावला तर बिघडले काय? बिघडते ते असे. प्रेक्षकांचा आवाज मैदानात पोहोचतो. जागेवर थांबलेल्या तरुण खेळाडूला हजारो कंठ ‘जा, धाव’ म्हणून ओरडू लागले, की त्याचा निश्चय डळमळतो. तो जागा सोडतो आणि मागे वाट मोकळी होते. गोल झाल्यावर तोच समुदाय त्याला दोष देतो. आपली मुले या शहरातील मैदानांवर खेळतात आणि आपण कडेला उभे राहून त्यांना ओरडून सूचना देतो. त्यांनाही हे लागू आहे.

म्हणून आपणांस एवढीच विनंती, की पुढचा सामना पाहताना काही काळ चेंडूवरून नजर काढावी. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या बचावात असताना आपल्या संघाच्या पहिल्या आणि शेवटच्या फळीत किती अंतर आहे ते पाहावे. धावून जाणाऱ्याच्या मागचा दुसरा गडी कोणती वाट अडवून उभा आहे ते न्याहाळावे. चेंडू गमावल्यानंतरच्या पहिल्या पाच सेकंदांत कोण कोणीकडे वळतो, याकडे लक्ष द्यावे. पुढील डर्बीच्या वेळी मंडळाच्या सभागृहात आपण एकत्र बसणारच आहोत. तेव्हा आपापली निरीक्षणे आम्हांला अवश्य सांगावीत.