बंदासिंग बहादूर



आपल्या अकोल्याहून पूर्णेमार्गे आगगाडीने गेले की नांदेड लागते. तेथे गोदाकाठी माधोदास नावाचा बैरागी मठ करून राहत असे. त्याचा जन्म १६७० चा, राजौरीचा. १७०८ साली गुरु गोविंदसिंगांची भेट झाली आणि जगाकडे पाठ फिरविलेला हा विरक्त गुरूंचा ‘बंदा’, म्हणजे सेवक झाला. त्यांच्या आज्ञेने तो पंजाबात गेला. मे १७१० मध्ये चप्पडचिडीची लढाई जिंकून त्याने सरहिंद घेतले. नाणी पाडली ती स्वतःच्या नव्हे, गुरूंच्या नावाने; आणि जमीनदारी मोडून जमीन कसणाऱ्यांच्या हाती दिली. डिसेंबर १७१५ मध्ये, गुरदासनंगलच्या दीर्घ वेढ्यानंतर, तो पकडला गेला. जून १७१६ मध्ये दिल्लीत त्याचा वध झाला.

हा पाठ शिकविताना केवळ तलवारीचा खणखणाट ऐकवू नये. त्याने मुलांच्या मनात वैर रुजते. बंदासिंगाच्या सैन्यात मुसलमानही होते, हे अवश्य सांगावे. कसणाऱ्याच्या जमिनीची गोष्ट तर शेतमजुराच्या मुलाला आपोआप उमजेल.

आपण स्वतः मात्र एवढे ध्यानी धरावे : अडतिसाव्या वर्षीही एका गुरूच्या भेटीने माणूस बदलला. मग शेवटच्या रांगेतील आठ वर्षांच्या मुलाविषयी ‘याचे काही होणार नाही’ असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?