पाटीवरचा विमा



या व्यासपीठावर विद्वानांची व्याख्याने होतात. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि संघाच्या कचेरीतल्या कायद्याच्या जुन्या पुस्तकांवर झाले. तेव्हा आज आम्ही विद्वत्तेचे काही सांगणार नाही. कर्करोग किंवा रक्ताचा मोठा आजार झालेल्या माणसाने सरकारी विम्यावर इलाज करणारा डॉक्टर कसा शोधावा, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम आमच्या चुकीची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी यंत्रमागावर काम करणारा एक तरुण कचेरीत आला. हिरड्यांतून रक्त येत होते, अंगात ताप होता, जिना चढताना धाप लागत होती. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले होते की, हा रक्ताचा कर्करोग दिसतो, ताबडतोब शहरात न्या. आम्हांला शहरातले एक रुग्णालय ठाऊक होते. त्याच्या दारावर मोठी पाटी होती : कर्करोगावर उपचार, शासकीय योजना लागू. त्या पाटीच्या भरवशावर आम्ही छातीठोकपणे चिठ्ठी लिहून त्याला तेथे धाडले. नऊ दिवस रांगा, झेरॉक्स आणि 'उद्या या' यांत गेले. मग कळले की, तेथे योजनेत बसते ती कर्करोगाची शस्त्रक्रिया. रक्ताचे डॉक्टर फक्त गुरुवारी येतात आणि ते योजनेत नाहीत. योग्य जागी तो पोहोचला अकराव्या दिवशी, आणि तीन महिन्यांनी गेला. त्या अकरा दिवसांमुळेच तो गेला, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण ते अकरा दिवस त्याचे होते, आणि ते आमच्या चिठ्ठीने गेले.

चूक कोठे झाली? 'कर्करोगाचा डॉक्टर' असा एकच डॉक्टर असतो, हे आम्ही गृहीत धरले होते. गाठ कापून काढणारा वेगळा, किरणांचा उपचार करणारा वेगळा, औषधे देणारा वेगळा. रक्ताच्या कर्करोगात कापण्यासारखी गाठ बहुधा नसतेच. तेथे रक्तविकारतज्ज्ञ किंवा औषधोपचाराचा कर्करोगतज्ज्ञ लागतो, अस्थिमज्जेची तपासणी लागते, वेळी-अवेळी रक्त आणि प्लेटलेट लागतात. आणि योजना रुग्णालयाला मान्यता देते ती विभागवार. सुताराच्या दुकानात लोहारकाम मिळत नाही, दोन्ही कारागीरच असले तरी.

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. आपल्या राज्यात 2012 साली आठ जिल्ह्यांत जी आरोग्य योजना सुरू झाली, ती 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. 2018 साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. आज त्यांत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील वृद्धांना उत्पन्नाची अट नाही. ज्यांच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याची कपात होते, त्यांचा मार्ग निराळा आहे : आधी विमा दवाखाना, मग विमा रुग्णालय, आणि तेथे तज्ज्ञ नसेल तर करार असलेल्या रुग्णालयासाठी चिठ्ठी. ही चिठ्ठी म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. त्यासाठी दरमहा आपले पैसे कापले जातात. दोन वर्षे सलग विम्यात असलेल्या कामगाराला कर्करोगासारख्या दीर्घ आजारात दोन वर्षांपर्यंत पगाराच्या 80 टक्के भत्ता मिळण्याची तरतूदही याच विम्यात आहे. किती जणांनी तो मागितला, हे आपापल्या खात्यात विचारून पाहा.

पाटी वाचून थांबू नका. तीन प्रश्न विचारा. पहिला : माझ्या कागदावर लिहिलेल्या या रोगाचा विभाग तुमच्याकडे योजनेत आहे काय? 'कर्करोग' एवढेच म्हणू नका, रोगाचे पूर्ण नाव सांगा. दुसरा : या रोगाचे डॉक्टर कोणत्या वारी असतात, आणि ते योजनेतले रुग्ण पाहतात काय? तिसरा : मंजुरी येण्यापूर्वीच्या तपासण्यांचे पैसे कोणी द्यावयाचे? कारण या योजनेचा पाया दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांचा आहे. नुसत्या बाहेरच्या तपासणीत खिसा आपलाच रिकामा होतो. हे प्रश्न चौकशीच्या खिडकीवर नव्हे, तर योजनेच्या रुग्णालयात नेमलेल्या आरोग्यमित्राला विचारा. उत्तर मिळाले नाही तर राज्य योजनेचा दूरध्वनी 155388 आणि केंद्राचा 14555 आहे. दुखणे तातडीचे असेल तर दूरध्वनीवरून मंजुरी घेण्याची सोय योजनेत आहे, हे विसरू नका.

आणि विम्याचे कार्ड नसले तरी दार बंद झाले असे समजू नका. परळचे टाटा रुग्णालय 1941 साली उघडले आणि 1962 पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. तेथे सर्वसाधारण वर्गातील रुग्णाला अल्प खर्चात तेच तज्ज्ञ पाहतात. गर्दी फार असते, हेही खरे.

रक्ताचा कर्करोग म्हणजे सर्व संपले, असेही नाही. त्याच्या एका प्रकारावर इमॅटिनिब नावाची रोज घ्यावयाची गोळी आहे. तिच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी फेटाळला, म्हणून देशी कंपन्यांची स्वस्त गोळी चालू राहिली. ती घेऊन यंत्रावर उभी राहणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

शेवटी एकच मागणे आहे. त्या तरुणामागे आम्ही कचेरीत एक वही घातली : कोणते रुग्णालय, कोणता विभाग, कोणते वार, कोणाला भेटावयाचे. दर सहा महिन्यांनी फोन करून ती दुरुस्त करतो, कारण याद्या बदलतात. आता चिठ्ठी लिहिण्यापूर्वी आम्ही स्वतः विचारतो, आणि रुग्णासोबत एक माणूस देतो. अशी वही तुमच्या वाचनालयात, तालमीत, गणेशमंडळात का नसावी? आठ तासांचा दिवस कोणी एकट्याने मिळविला नाही. तापाने फणफणलेल्या माणसाने हा डॉक्टर मात्र एकट्याने शोधावा, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?