दलालाचं काम कोण करणार?

(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



भाजीच्या भावाबद्दल बोलताना एक वाक्य कुठल्याही व्यासपीठावर हमखास टाळी घेतं. मधले दलाल हटवा, शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळतील आणि आपल्याला भाजी स्वस्त पडेल. या वाक्यात तथ्य आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ सालच्या एका अभ्यासनिबंधात टोमॅटो, कांदा आणि बटाट्याचा हिशेब मांडला आहे. आपण मोजलेल्या रुपयातले टोमॅटोच्या शेतकऱ्याच्या हाती सुमारे ३३ पैसे पडतात, कांद्याच्या ३६ आणि बटाट्याच्या ३७. बाकीचे त्रेसष्ट ते सदुसष्ट पैसे वाटेतच राहतात. ऐकून कुणाचंही डोकं तापेल.

पण त्या पैशांचा जरा माग काढू. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट निघतात, तेव्हा अनेक शेतांवरचा माल कुणीतरी एकत्र केलेला असतो. त्याची निवड केलेली असते: कडक वेगळा, पिकलेला वेगळा, डागी वेगळा. हमालाने तो उचललेला असतो, मापाड्याने तोललेला असतो, टेम्पोवाल्याने रातोरात वाशीला पोचवलेला असतो. कित्येकदा आडत्याने शेतकऱ्याला लागवडीच्या वेळी उचल दिलेली असते आणि किरकोळ विक्रेत्याला माल उधारीवर दिलेला असतो. शेवटी भाजीवाली तो दिवसभर उन्हातान्हात राखते, पाव-अर्धा किलोने विकते आणि संध्याकाळी उरेल ते पडत्या भावात काढते, नाहीतर फेकून देते. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेने २०१५ साली दिलेल्या अंदाजानुसार काढणीनंतर भाज्यांची नासाडी पिकागणिक साडेचार ते साडेबारा टक्के होते. ती भाजी कुणाच्याच ताटात जात नाही, पण तिची किंमत उरलेल्या भाजीवर चढतेच.

या साखळीत लबाडी नाही, असं मी म्हणणार नाही. लबाडीवर कायद्याने, स्पर्धेने, जाग्या ग्राहकाने अंकुश ठेवता येतो. मात्र निवडणं, वाहणं, तोलणं, उधारी सांभाळणं, नासाडी सोसणं हे काम शिल्लकच राहतं. दलाल काढता येतो, त्याचं काम काढता येत नाही. ते कुणाच्या तरी अंगावर पडतं. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे: खाणाऱ्यांनी ते काम आपल्या अंगावर घ्यायचं ठरवलं, तर काय काय घ्यावं लागतं?

जगात काही ठिकाणी लोकांनी हे करून पाहिलं आहे आणि पन्नास-साठ वर्षं टिकवलं आहे. न्यूयॉर्क शहरात ब्रुकलिन भागात 'पार्क स्लोप फूड को-ऑप' नावाचं दुकान आहे. ते १९७३ साली सुरू झालं. कोविडच्या साथीआधी त्याचे सुमारे सतरा हजार सभासद होते. खरेदी फक्त सभासदांना करता येते आणि सभासद राहायचं तर राबावं लागतं. वर्षानुवर्षं तिथे नियम होता, दर चार आठवड्यांनी पावणेतीन तासांची एक पाळी. पाळीत काय करायचं? ट्रकमधून खोकी उतरवायची, फळंभाज्या मांडायच्या, चीज कापून बांधायचं, गल्ल्यावर बसायचं, फरशी पुसायची. नारिंगी जाकीट घालून, खरेदी करून निघालेल्या माणसाला त्याच्या गाडीपर्यंत किंवा भुयारी रेल्वेच्या स्टेशनापर्यंत सोबत करायची आणि रिकामी ट्रॉली परत आणायची, हीसुद्धा एक पाळीच. पगारी माणसं तिथेही आहेत, पण दुकानातले सुमारे तीन चतुर्थांश श्रम सभासदांचे असतात.

याचं फळ भावात दिसतं. अनेक वर्षं हे दुकान खरेदीच्या किमतीवर २१ टक्के चढवून माल विकत असे, अलीकडे हा आकडा २५ झाला आहे. भाडं, वीज, पगार, नासाडी हे सगळं त्यातच बसवायचं. नेहमीच्या दुकानदाराला ताज्या भाजीवर एवढ्या कमी टक्क्यांत धंदा करणं जड जातं, कारण मजुरी त्याला रोख मोजावी लागते. इथे मजुरी सभासदांनी तासांच्या रूपाने आधीच भरलेली असते. स्वस्ताई आकाशातून पडलेली नाही.

या दुकानाच्या नियमावलीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा नियम वेगळाच आहे. घरातली एक व्यक्ती सभासद झाली की भागत नाही. त्या घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाने सभासद व्हायचं आणि प्रत्येकाने आपली पाळी स्वतः करायची. पाळी चुकवली तर एकीच्या बदल्यात दोन भरायच्या, असाही नियम पुष्कळ वर्षं होता. हे कडक वाटेल. पण प्रत्येकाने स्वतः राबण्याचा नियम नसता, तर काय झालं असतं ते इथे बसलेल्या भगिनींना मी सांगायला नको. सभासद म्हणून नाव साहेबांचं लागलं असतं आणि कांद्याची पोती बाईंनी निवडली असती. २०११ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एक बातमी छापली होती. काही सभासद आपली पाळी करायला मुलं सांभाळणाऱ्या बाईला पाठवतात, अशी कुजबुज त्या दुकानात सुरू होती आणि त्यावरून बराच गदारोळ झाला होता. माणूस ब्रुकलिनचा असो की बोरिवलीचा, पळवाट तीच शोधतो. फरक इतकाच की तिथे त्या पळवाटेची लाज वाटावी असा नियम आधीपासून लिहिलेला होता.

आता जपानकडे जाऊ. टोकियोच्या सेतागाया भागात १९६५ साली सुमारे दोनशे गृहिणींनी एकत्र येऊन दुधाच्या तीनशे बाटल्या मागवल्या. त्यातून 'सेइकात्सु क्लब' ही ग्राहकांची सहकारी संस्था उभी राहिली. १९८९ साली तिला 'राइट लाइव्हलिहूड' पुरस्कार मिळाला. तिची मूळ रचना अगदी साधी होती. आसपासच्या काही घरांचा एक गट, त्याला म्हणायचं 'हान'. गटाने एकत्र, आगाऊ मागणी नोंदवायची. माल गटाच्या एका ठिकाणी उतरायचा आणि तिथे शेजाऱ्यांनी आपसात वाटून घ्यायचा. आगाऊ मागणीमुळे उत्पादकाला आधीच कळतं, किती पिकवायचं आणि किती भरायचं. दलाल जो अंदाज बांधतो आणि ज्या अंदाजाची जोखीम घेतो, ती जोखीमच त्यामुळे लहान होते.

जपानमध्येच १९७१ साली सेंद्रिय शेतीची एक संघटना स्थापन झाली आणि तिने शेतकरी-ग्राहक भागीदारीची 'तेइकेई' ही पद्धत रुजवली. १९७८ साली तिची दहा तत्त्वं लिहिली गेली. त्यातलं एक तत्त्व असं की शेतकऱ्याशी ठरवून जे पीक लावलं, ते जेवढं येईल तेवढं सगळं ग्राहकांनी घ्यायचं. त्यात वाकडी काकडी आली, बारका बटाटा आला, एका आठवड्यात नुसता मुळाच मुळा आला, तरी घ्यायचा आणि त्याचं काय करायचं ते आपल्या स्वयंपाकघराने ठरवायचं.

हे तत्त्व मला आपल्या संदर्भात फार मोलाचं वाटतं. आपले सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप गट शेतकऱ्याला काय सांगतात? पहिल्या प्रतीचा माल पाठवा, चार रुपये जास्त देऊ. शेतकरी खूश होतो, निवडून माल पाठवतो. मागे राहिलेला दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा माल घेऊन तो बाजार समितीत जातो. तिथला व्यापारी बघतो, यातलं चांगलं कुणीतरी आधीच उचललंय, आणि भाव पाडतो. आपण दिलेले चार रुपये तिथे परत जातात. ज्याला आपण नावं ठेवतो तो आडत्या निदान सगळा डाग, म्हणजे बरावाईट सगळाच माल, घेतो. चांगला माल हॉटेलला जातो, मधला मंडईत, उरलेला खानावळीला. त्याला बाजूला सारायचं असेल, तर सगळा डाग घेण्याची तयारी आपल्याला दाखवावी लागेल.

आपल्याकडे लोकांनी असं काही केलेलंच नाही, असं मात्र मुळीच नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली गुढीपाडव्याला सुरू झाली. शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करायचा, महिन्याच्या किराण्याची मागणी भरायची, माल एकाच्या घरी उतरवायचा आणि सगळ्यांनी वाटून घ्यायचा, ही पद्धत तिने दुकान न थाटता इतकी वर्षं चालवली. तीस हजारांहून अधिक कुटुंबं तिच्याशी जोडली गेली आणि त्यामागचे कष्ट मोठ्या प्रमाणावर स्त्रियांनी उपसले. हानची ही सख्खी बहीणच म्हणायला हवी. पण तिचा भर किराण्यावर राहिला आणि त्याचं कारण उघड आहे. तूरडाळ आठवडाभर तुमची वाट बघेल. मेथीची जुडी संध्याकाळपर्यंतसुद्धा बघणार नाही.

ताज्या भाजीची परीक्षा आपल्याकडे २०२० साली टाळेबंदीत झाली. मंडया बंद, लोक घरात. पुण्या-मुंबईच्या किती तरी सोसायट्यांनी शेतकरी गटांकडून थेट भाजी आणवली. कायद्याची अडचणही नव्हती, कारण २०१६ सालीच महाराष्ट्राने फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून काढला होता. भाजी उत्तम होती, भाव चोख होता, शेतकरीही समाधानी होते. मग टाळेबंदी उठली आणि असे बरेच गट एकेक करून थांबले. भाजीत किंवा भावात काही बिघडलं नव्हतं. लोक कामावर गेले आणि सकाळी सात वाजता टेम्पोपाशी उभं राहायला कुणी उरलं नाही. जपानमध्येही हेच घडलं. बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या तसं हानचं वाटप मागे पडलं आणि घरपोच सेवा वाढली. ब्रुकलिनमध्ये २०२० साली सभासदांच्या पाळ्या थांबवाव्या लागल्या, तेव्हा दुकान चालू ठेवायला पगारी माणसं घ्यावी लागली. तिन्ही ठिकाणचा धडा एकच: अशी संस्था भांडवलाआधी वेळेच्या टंचाईने अडते.

वेळेच्या जोडीला कसब लागतं. वीस किलोचा टोमॅटोचा क्रेट चाळीस घरांत अर्धा-अर्धा किलो वाटायचा आहे. वाटणारी व्यक्ती भली असते, प्रत्येकाचं पारडं जरासं झुकतं ठेवते, समजा वीस ग्रॅमने. अडतीस घरांपर्यंत सगळे खूश. एकोणचाळिसाव्याला पाव किलोसुद्धा उरत नाही आणि चाळिसाव्याची पिशवी रिकामी. रविवारी सकाळी जिन्यात होणारी भांडणं बहुतेक या वीस ग्रॅमची असतात. व्यापारी ही तूट आधीच भावात धरतो. आपण ती धरत नाही आणि मग हिशेब ठेवणाऱ्यावर संशय घेतो. म्हणून सुरुवातीलाच शेकडा काही टक्के तूट सगळ्यांच्या भावात धरावी आणि ती फळ्यावर लिहावी.

आणखी एक प्रश्न टाळून चालणार नाही. ब्रुकलिनच्या लोकांचा सामना मोठ्या सुपरमार्केटशी आहे. आपल्या गटाचा पहिला फटका कोपऱ्यावर बसणाऱ्या मावशींना बसतो. त्यांचा नफा म्हणजे त्यांची दिवसभराची मजुरी. पहाटे मार्केट गाठणं, पाणी मारून पालेभाजी टवटवीत ठेवणं, तुमच्या वरणासाठी आयत्या वेळी दोन मिरच्या टाकणं, हे काम आपल्यापैकी कुणीही त्यांच्याइतकं स्वस्तात करणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की पालेभाजी त्यांच्याकडेच राहू द्यावी. गटाने टिकाऊ भाज्यांपासून सुरुवात करावी: कांदा, बटाटा, लसूण, सुरण, लाल भोपळा. उन्हाळ कांदा तर चाळीत महिनोन्महिने टिकतो, त्याची वर्षाची बेगमी करण्याची रीत आपल्या घरांत होतीच. हात बसला की कोबी, फ्लॉवर, वांगी, टोमॅटो. एका शेतकऱ्याशी किंवा एका गटाशी हंगामाचं ठरवावं, आगाऊ पैसे भरावेत आणि आलेला सगळा डाग घ्यावा.

व्याख्यान संपल्यावर काही मंडळी भेटतील आणि विचारतील, सुरुवात कशी करायची, कुठल्या गावचा शेतकरी, काय भाव. भाव आणि शेतकरी दोन्ही मिळतील, महाराष्ट्रात त्यांची वाण नाही. पहिल्या बैठकीत भावाचा विषयच काढू नका. एक कागद घ्या आणि त्यावर वर्षाच्या बावन्न रविवारांसमोर नावं लिहायला सांगा. प्रत्येक घरातल्या प्रत्येक प्रौढाचं नाव, आजोबांचं आणि कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांचंसुद्धा. गौरी-गणपतीचा रविवार, दिवाळीचा रविवार, परीक्षेआधीचा रविवार यांसमोर नावं पडली, तर शेतकऱ्याला फोन करा. त्या जागा कोऱ्या राहिल्या, तर निवांतपणे मंडईत जा आणि मावशी सांगतील तो भाव कुरकुर न करता द्या. आपलं काम त्या करतात, त्याची ती रास्त मजुरी आहे.